काढणीनंतरचा भाजीपाला आणि गारवा

पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठी वसलेले हळर्ण हे गाव तेथील जुन्या किल्ल्यामुळे परिचित आहे. अशा गावांतील मळ्यांत पिकलेली भाजी म्हापशाच्या बाजारात पोहोचेपर्यंत ताजी राहणे, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्पन्नाचाच प्रश्न होय.

खुडल्यानंतरही भाजीचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग साधारणतः दुपटीतिपटीने वाढतो. त्यातून निघणाऱ्या उष्णतेने ढीग आतूनच तापतो आणि भाजीतील पाणीही उडून जाते. तांबडी भाजी शंभर किलोंमागे पाचएक किलो पाणी गमावताच मलूल दिसू लागते. वजन घटते ते घटतेच, शिवाय गिऱ्हाईक हाती घेतलेली जुडी परत ठेवते. म्हणून काढणी उन्हे चढण्यापूर्वी करावी व माल तत्काळ सावलीत न्यावा. यास पैसा लागत नाही. तरीही हीच गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षिली जाते.

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विजेवाचून चालणारा शीतकक्ष विकसित केला. विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर अंतर ठेवून त्यात नदीची वाळू भरतात, वर गवताचे झाकण घालतात आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतात. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही आहे : वाफ होताना पाणी भोवतालची उष्णता शोषून घेते. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरते.

दिल्लीचे हे आकडे मात्र पेडण्यात जसेच्या तसे धरून चालणार नाहीत. किनारपट्टीची हवा दमट असल्याने येथे पाण्याची वाफ सावकाश होते; पावसाळ्यात तर गारवा जवळजवळ मिळतच नाही. तथापि कक्षातील ओलाव्यामुळे भाजी सुकत नाही, हा लाभ कोरड्या महिन्यांत येथेही मिळतो. पावसाळ्यात हवेशीर, पसरट करंड्याच बऱ्या.

यांत्रिक शीतगृहही सर्व भाज्यांना सरसकट मानवत नाही. पालेभाजी शून्य अंशाजवळ टिकते; परंतु भेंडी सुमारे ७ आणि काकडी १० अंशांखाली फार काळ राहिल्यास थंडीनेच डागाळते. पिकलेली केळी तर भाजीशेजारी ठेवूच नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने हिरवा पाला लवकर पिवळा पडतो.