खान्देशचा पाऊस आणि अरबी समुद्रातला देवमासा

काही वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत सागरी प्राण्यांविषयी बोलायला गेलो होतो. जुलैचे दिवस होते, बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. देवमाशाची चित्रे दाखवून झाली, त्यांच्या संरक्षणाविषयी सांगून झाले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही. मग देवमासा वाचला काय आणि मेला काय, आम्हांला त्याचं काय?"

शाळेतले गुरुजी थोडे संकोचले. मला मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. जळगावहून सरळ रेषेत मोजले तर समुद्र सुमारे ३०० किलोमीटर दूर. धुळ्याहून तो थोडा जवळ, पण दिसत नाही तो नाहीच. 'सर्व प्राण्यांवर दया करावी' असे उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. पण विज्ञानाच्या तासाला ते उत्तर पुरत नाही. त्या दिवशी मी जे अर्धवट सांगितले, ते येथे नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

एकच वारा, दोन पिके

जूनमध्ये आपण ज्याची वाट पाहतो तो नैर्ऋत्य मोसमी वारा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडतो, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांजवळून जोराने वाहतो आणि अरबी समुद्र पार करून आपल्याकडे येतो. वाटेत तो समुद्रावरचे बाष्प उचलतो. सह्याद्रीवर त्यातले बरेचसे रिते होते आणि उरलेले पलीकडे पोचते. खान्देशच्या पावसात बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही वाटा असतो. तरी आपल्या कपाशीची आणि ज्वारीची पेरणी ज्या मोसमी वाऱ्याच्या येण्यावर ठरते, तो हाच.

हा वारा आपल्याकडे येण्याआधी समुद्रात आणखी एक काम करतो. ओमानचा किनारा साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो आणि वारा त्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकते. येथे उजवीकडे खुला समुद्र आहे, म्हणून वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर जाते. त्याची जागा भरून काढायला खालचे थंड पाणी वर येते.

या खालच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये भरपूर असतात. वर मरणारे जीव आणि त्यांची विष्ठा सतत तळाकडे जात असते. तेथे ती कुजते, पण प्रकाश नसल्यामुळे त्या खतावर काही उगवत नाही. खत तळाशी आणि ऊन वर, अशी ही समुद्राची अडचण. मोसमी वारा ती दूर करतो. खत उन्हात आले की सूक्ष्म वनस्पतिप्लवक झपाट्याने वाढतात. त्यांवर प्राणिप्लवक, त्यांवर तारलीसारखे लहान मासे आणि या साऱ्यांवर देवमासे पोसले जातात. असेच पाणी, कमी प्रमाणात, पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतही वर येते.

म्हणजे आपल्या शेतातले पीक आणि अरबी समुद्रातले हे 'पीक' एकाच वाऱ्यावर उभे आहे.

वर्गात करून पाहा

काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची एक लांबट टाकी घ्या. तीत कोमट पाणी भरा. बर्फ घालून थंड केलेल्या पाण्यात शाई मिसळा आणि ते लांब नळीचे नरसाळे वापरून सावकाश तळाशी सोडा. खाली निळा आणि वर पांढरा असे दोन थर दिसतील. आता टाकीच्या एका टोकाकडून पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलपंख्याचा वारा सोडा. वरचे पाणी दूरच्या टोकाकडे सरकेल आणि पंख्याजवळच्या टोकाला निळे पाणी वर चढू लागेल.

एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. टाकीत पाणी वाऱ्याच्याच दिशेने जाते. समुद्रात ते परिवलनामुळे वळते. प्रयोग आणि निसर्ग यांतला हा फरक लपवू नये.

न जाणारा देवमासा

देवमासा हा मासा नव्हे, हे आपण शिकवतोच. तो फुफ्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्यातल्या हंपबॅक जातीचे देवमासे लांब स्थलांतरासाठी प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यात ते ध्रुवांकडच्या थंड समुद्रात पोटभर खातात आणि हिवाळ्यात पिल्ले देण्यासाठी उष्ण समुद्रात येतात. तेथे ते महिनोन् महिने जवळजवळ उपाशी राहतात.

अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र ध्रुवाकडे जात नाही. उत्तरेला जमीन असल्यामुळे त्याला तिकडे वाट नाही, आणि मोसमी वारा त्याचे ताट येथेच वाढतो. हे कळले त्याची कथा दुःखद आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारत यांच्या किनाऱ्यांसमोर २३८ हंपबॅक मारले. ही शिकार बेकायदेशीर होती आणि तिच्या नोंदी दडवून ठेवल्या होत्या. १९९७ मध्ये युरी मिखालेव या शास्त्रज्ञाने त्या प्रसिद्ध केल्या. मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांच्या वाढीवरून त्यांचा प्रजननकाळ उत्तर गोलार्धातल्या देवमाशांसारखा आहे, हे दिसले. जठरांत अन्न सापडले, म्हणजे ते उष्ण समुद्रातच खात होते. दक्षिणेकडून आलेले पाहुणे ते नव्हते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की, हा समूह इतर हंपबॅकांपासून सुमारे ७०,००० वर्षे वेगळा पडला आहे. ओमानजवळ त्यांची गणना शेपटीच्या खालच्या बाजूच्या छायाचित्रांवरून करतात. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तशी प्रत्येकाच्या शेपटीवरची नक्षी वेगळी असते. या पद्धतीने आलेला अंदाज होता फक्त ८२. तपासलेल्या देवमाशांपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या शेपटीच्या मुळाशी जाळ्याच्या दोऱ्यांचे असावेत असे व्रण आढळले.

२०१७ च्या नोव्हेंबरात ओमानच्या किनाऱ्याजवळ 'लुबान' नावाच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे छोटे यंत्र बसवले गेले. डिसेंबरात ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, मग कन्याकुमारीकडे गेली आणि पुढे ओमानकडे परतली. म्हणजे ८२ चा हा आकडा फक्त ओमानचा प्रश्न नाही. तो आपल्या किनाऱ्याचाही आहे.

समुद्र पाहणारी माणसे

आता प्रश्न येतो की, एवढ्या मोठ्या समुद्रात मूठभर प्राण्यांवर लक्ष कोण ठेवणार? संशोधकांच्या नौका वर्षातले थोडेच दिवस समुद्रात असतात. मच्छीमार मात्र पावसाळ्याची बंदी सोडली तर रोज असतात.

सिंधुदुर्गात मिहीर सुळे, केतकी जोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखून काम केले. 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम' या नावाने त्यांनी किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनांचा आणि देवमाशांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसल्याची त्यांची नोंद बरीच गाजली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते गावोगाव मच्छीमारांच्या मुलाखती घेण्याचे काम. मच्छीमार काय पाहतात, केव्हा पाहतात आणि या प्राण्यांविषयी त्यांना काय वाटते, हे त्यांतून विचारले गेले. डॉल्फिन जाळ्याचे नुकसान करतात ही तक्रारही ऐकून घेतली गेली. ज्याचे नुकसान होते त्याचे न ऐकता त्याला संरक्षणाचे धडे देणे हे शिक्षण नव्हे.

या ऐकण्याला धोरणाचीही जोड मिळाली. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने एक योजना सुरू केली. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी ती राबवली. सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत हा पुरावा. त्यामुळे प्राणी तर सुटतोच, शिवाय कोणता प्राणी, कोठे, केव्हा सापडला याची नोंदही मिळते.

आपल्या शेजारच्या गुजरातेत याआधी असा अनुभव आला होता. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची मोठी शिकार होई. हा देवमासा नव्हे, तो खरोखरीचा मासा आहे आणि जगातला सर्वांत मोठा. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण कायदा बंदरापर्यंत पोचायला वेळ लागतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत कथाकार मोरारी बापूंनी त्याची तुलना बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीशी केली. तेव्हापासून तो तेथे 'व्हाली', म्हणजे लाडकी, झाला. पूर्वी त्याला मारणाऱ्या मच्छीमारांनीच नंतर जाळी कापून शेकडो व्हाली सोडल्या.

गणपतीपुळ्याचा धडा

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले. निळ्या देवमाशाचे पिल्लू म्हणून त्याची नोंद झाली. वनविभाग, पोलीस, मच्छीमार, गावकरी साऱ्यांनी दिवसरात्र खपून त्याला खोल पाण्यात नेले. पिल्लू पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि मेले. बातम्या वाचून अनेक मुलांनी शिक्षकांना विचारले असेल, "एवढे करूनही ते का वाचले नाही?"

उत्तर शरीरशास्त्रात आहे. पाण्यात देवमाशाचे वजन पाणी पेलते. वाळूवर ते वजन त्याच्याच फुफ्फुसांवर आणि स्नायूंवर पडते. चेंगरलेल्या स्नायूंतून रक्तात मिसळणारे पदार्थ मूत्रपिंडे निकामी करतात. थंड पाण्यात ऊब धरून ठेवणारा चरबीचा थर उन्हात त्याला आतून तापवतो. आणि निळ्या देवमाशाचे पिल्लू दिवसाला सुमारे २०० लिटर दूध पिते. आई दुरावली की समुद्रात सोडूनही त्याचे पोट भरत नाही.

माणसांचे कष्ट वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण देवमासा किनाऱ्यावर आला म्हणजे बहुतेकदा उशीर झालेला असतो, हे मुलांना कळावे. तो खऱ्या अर्थाने वाचतो तो खोल समुद्रात. जाळ्यात न अडकल्यामुळे, जहाजाचा धक्का न बसल्यामुळे आणि त्याला पाहणाऱ्या माणसाने वेळेवर सांगितल्यामुळे.

खान्देशातल्या शाळेने काय करावे?

पहिले, गोष्टी नीट सांगाव्यात. देवमाशाच्या कोट्यवधी रुपयांच्या 'उलटी'च्या बातम्या आपल्याकडेही वाचल्या जातात. हा पदार्थ स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो आणि भारतात त्याचा व्यापार हा गुन्हा आहे, हे वर्गात सांगितलेच पाहिजे.

दुसरे, शाळेच्या सहली कोकणात जातात. किनाऱ्यावर देवमासा किंवा डॉल्फिन अडकलेला दिसला तर काय करावे हे निघण्यापूर्वी सांगावे. ताबडतोब वनविभागाला किंवा पोलिसांना कळवावे, गर्दी हटवावी, अंगावर चढू नये, शेपटी ओढू नये. अंग ओल्या कापडाने झाकता येते, पण डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये.

तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सिंधुदुर्गातली मुलाखतीची पद्धत तापीकाठीही वापरता येते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या नदीत मासेमारी करणारे भोई आहेत. माशांच्या चित्रांची कार्डे करून मुलांनी त्यांच्याकडे जावे. कोणता मासा पूर्वी मिळत असे, कोणता आता मिळत नाही, धरणांनंतर काय बदलले, हे विचारावे. उत्तर सुचवू नये. कार्डांत येथे कधीच न आढळणाऱ्या एखाद्या माशाचे चित्रही ठेवावे. त्याला कितीजण 'पाहिला' म्हणतात यावरून माहिती कितपत विश्वासार्ह आहे ते कळते. संशोधकही अशीच खबरदारी घेतात. आलेल्या नोंदी तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे अंदाजे वय यांसह एका वहीत ठेवाव्यात.

सुरतेच्या पुढे तापी अरबी समुद्रालाच मिळते. तिचे पाणी आणि पाण्यात टाकलेला कचरा अखेर तिकडेच जातो. आपल्या बाजारातले सुके बोंबील आणि सुकट तिकडूनच येतात. आणि दर जूनमध्ये वाराही तिकडूनच येतो.

त्या मुलीला मी आज काय सांगेन? तू समुद्र पाहिलेला नाहीस, पण त्याचा पाऊस तुझ्या शेतात पडतो. हा वारा वेळेवर आला नाही, तर तुझ्या बापाची पेरणी खोळंबते. तोच वारा मंदावला तर ओमानजवळच्या देवमाशाचे अन्नही कमी होते. त्याला जाण्यासाठी दुसरा समुद्र नाही. म्हणून यंदा जूनमध्ये शाळेत पर्जन्यमापक बसव आणि रोजचा पाऊस लिहून ठेव. त्या वहीच्या शेवटच्या पानावर अरबी समुद्राचा नकाशा काढ.