रॉकेट : पत्रावळ की ताट?

लग्नकार्याला भांडी भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा आमच्या गटात वाद झाला, पत्रावळी घ्यायच्या की स्टीलची ताटं? पत्रावळ स्वस्त, पण जेवण झालं की उकिरड्यावर. ताट महाग, ते परत आणा, धुवा, मोजा. पण बऱ्याच लग्नांत फिरलं की पैसे वसूल. उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचा हिशेबही असाच आहे.

आपल्या इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही हे पत्रावळीसारखं. ते ५०० किलोपर्यंतचा उपग्रह ५०० किलोमीटर उंचीवर नेतं. जुन्या पीएसएलव्हीच्या चार टप्प्यांत घन आणि द्रव इंधन आलटूनपालटून असतं. एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे. इंधन आधीच भरून ठेवलेलं, म्हणून जोडणीला माणसं आणि दिवस कमी लागतात. मात्र घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हणून असं रॉकेट हळूच परत उतरवणं अवघड.

एकसारख्या खूप वस्तू करायच्या तर नमुना बिनचूक हवा. ७ ऑगस्ट २०२२ला एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यानं त्यातली मोजमापाची यंत्रं गोंधळली. दुरुस्ती करून १० फेब्रुवारी २०२३ला ते यशस्वी झालं. तीच चूक राहिली असती तर पुढच्या प्रत्येक रॉकेटमध्ये उतरली असती.

ताटासारखं रॉकेट म्हणजे अमेरिकेचं फाल्कन ९. खालच्या टप्प्याला ९ इंजिनं, वरच्याला त्याच जातीचं १. एकच जात, म्हणून कारखान्यात भराभर होतात. डिसेंबर २०१५मध्ये खालचा टप्पा पहिल्यांदा पायांवर परत उतरला. परतीसाठी इंधन राखावं लागतं, म्हणून ओझं थोडं कमी नेता येतं. वरचा टप्पा मात्र दरवेळी नवा.

आपणही मागे नाही. जून २०२४मध्ये 'पुष्पक' हे पंखांचं यान हेलिकॉप्टरमधून सोडून कर्नाटकात चित्रदुर्गजवळ धावपट्टीवर उतरवलं. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रानं नव्या मोठ्या रॉकेटसाठी ८,२४० कोटी मंजूर केले. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरायचा आहे.

पण ताटं घेऊन वर्षात दोनच लग्नं मिळाली तर? रॉकेटचंही तसंच. पेरणीच्या आधी आपण ज्या पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावतो, त्यामागेही उपग्रह आहेत. ते स्वस्तात वर जायचे तर रॉकेट परत येतं का, एवढंच विचारू नका. वर्षातून किती वेळा जातं, हेही विचारा.