विश्लेषण : रेल्वेच्या मॉडेलसाठी घरातले भंगार किती कामाचे? कसारा घाटापासून नाशिकच्या हरवलेल्या ट्रामपर्यंत…

मॉडेल रेल्वे म्हटले की काचेच्या कपाटातले परदेशी इंजिन आणि त्याची किंमत डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात धावणारी गाडी हा या छंदाचा लहानसा भाग असतो. तिच्याभोवतीचे डोंगर, फलाट, झाडे, पत्र्याची छपरे, विजेचे खांब हाच मोठा पसारा असतो. तो बराचसा रद्दी, काड्या आणि स्वयंपाकघरातल्या टाकाऊ वस्तूंमधून उभा करता येतो. मात्र कोणती वस्तू कुठे शोभेल, हे हौसेवर नव्हे तर मापावर ठरते.

आधी प्रमाण का ठरवायचे?

जगभरात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण म्हणजे ‘एचओ’. त्यात खऱ्या वस्तूचे माप ८७ ने भागतात. ‘ओ’ या जुन्या प्रमाणाचे निम्मे, म्हणजे ‘हाफ ओ’, यावरून हे नाव पडले. या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा होतो. आपल्या परिचयाचा निळा आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद असतो. मॉडेलमध्ये तो साडेचोवीस सेंटीमीटर लांब आणि पावणेचार सेंटीमीटर रुंद होईल. नव्या शर्टाच्या घडीत येणाऱ्या पुठ्ठ्यातून त्याच्या दोन्ही बाजू कापता येतात. खिडक्यांच्या काचांसाठी मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण चालते.

इथे एक अडचण आहे. भारतीय ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर असते. ८७ ने भागल्यावर ते १९.३ मिलिमीटर येते. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेला आहे. बहुतेक हौशी मंडळी हा फरक चालवून घेतात आणि डब्याची रुंदी तेवढी बरोबर ठेवतात.

रवा, फणी आणि चहाची गाळणी कुठे लागते?

रुळाखालची खडी साधारण ६५ मिलिमीटरपर्यंतची असते. प्रमाणात ती पाऊण मिलिमीटर होते. हे माप जाड रव्याशी जुळते, म्हणून नवखे लोक रवा पसरतात. पहिल्याच पावसाळ्यात त्याला मुंग्या लागतात आणि बुरशी धरते. त्यापेक्षा बारीक वाळू धुऊन, वाळवून चहाच्या गाळणीतून चाळावी. ती रुळांमध्ये पसरून त्यावर निम्मे पाणी घातलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावे. मिश्रणात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब हवा. तो नसेल तर पाण्याचे थेंब वाळूवर गोळे होऊन बसतात आणि खडी जागची हलते.

पत्र्याच्या छपरासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा सोपा वाटतो, पण तिथेच फसगत होते. खऱ्या पत्र्याच्या दोन लाटांमध्ये साधारण ७६ मिलिमीटर अंतर असते. मॉडेलमध्ये ते एक मिलिमीटरही भरत नाही. जाड खोक्याच्या पुठ्ठ्यातली लाट सहा-सात मिलिमीटरची असते. म्हणजे छपरावर दीड-दोन फूट रुंदीच्या नाल्या दिसू लागतात. यावर घरातला उपाय म्हणजे उवांची फणी. तिच्या दातांवर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा ठेवून बोथट काडीने दाबला, की बारीक नालीचा पत्रा तयार होतो. त्यावर तांबूस रंगाचे दोन हलके हात दिले की तो गंजलेलाही दिसतो.

आगपेटीची काडी स्लीपरसाठी थोडी बारीक पडते. तिचे तुकडे साइडिंगजवळ रचलेल्या जुन्या लाकडांच्या ढिगासाठी वापरावेत. खराट्याच्या हिरांचे विजेचे खांब होतात. ओव्हरहेड तार रुळापासून साडेपाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे मॉडेलमध्ये सव्वासहा सेंटीमीटरवर. बिघडलेल्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची एकेक तार त्यासाठी पुरते.

कसारा घाट दिवाणखान्यात मावेल का?

कसारा ते इगतपुरीदरम्यानचा थळ घाट रेल्वेसाठी १८६५ मध्ये खुला झाला. त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. लांबी-रुंदी ८७ ने भागली जाते, पण चढाचे गुणोत्तर बदलत नाही. मॉडेलमध्येही ३७ सेंटीमीटरला एक सेंटीमीटर चढवले की खरा घाट होतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मधे आठेक सेंटीमीटर उंची लागते. त्यासाठी जवळपास तीन मीटर लांबीची चढण हवी. म्हणूनच घाट पलंगाएवढ्या फळीवर सरळ मावत नाही. त्याला वळसे द्यावे लागतात. कसाऱ्याला मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना मागून ‘बँकर’ इंजिने का लावतात, हेही अशा मांडणीवर मुलांना हाताने ढकलून कळते.

डोंगरासाठी टीव्ही किंवा फ्रिजच्या वेष्टनातले थर्माकोल उत्तम. थर्माकोलच्या ताटवाट्यांसारख्या वस्तूंवर राज्यात २०१८ पासून बंदी असली, तरी वेष्टनातले तुकडे घरोघरी येतातच. ते फेकण्यापेक्षा एकावर एक चिकटवावेत आणि कडा फार गोल करू नयेत. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. त्यामुळे पायऱ्यांचा डोंगर इथे चूक ठरत नाही, उलट तोच खरा दिसतो. वरून खळ लावलेले वर्तमानपत्राचे तुकडे आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्या चिकटवल्या की पृष्ठभाग घट्ट होतो.

हे तंत्र मराठी घरांना नवे नाही. दिवाळीचा किल्ला करताना विटांवर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकणे, त्यावर अळीव पेरणे, बुरुजाला काड्यांचे झेंडे लावणे, ही मॉडेलकारीच आहे. फरक एवढाच की किल्ला चार दिवसांचा असतो आणि रेल्वेचा डोंगर वर्षानुवर्षे टिकवायचा असतो. म्हणून त्यात ओली माती आणि उगवणारे बी टाळायचे.

झाडे कशाची करायची?

नाशिककरांकडे याचे उत्तर हंगामात रोज ताटलीत उरते. द्राक्षे खाऊन झालेल्या घोसाचा देठ उलटा धरला, तर तो फांद्या फुटलेल्या झाडासारखा दिसतो. आठवडाभर उन्हात वाळवून त्याला फेव्हिकॉलच्या पाण्याचा हात द्यावा. जुन्या गादीचा फोम बारीक चुरून, हिरव्या पोस्टर रंगात भिजवून, वाळवून त्यावर चिकटवला की पाने होतात. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांची बाभळीसारखी झुडपे होतात. वापरलेली चहापत्ती पूर्ण सुकवली तर नांगरलेल्या शेताची काळी माती म्हणून शोभते. ओलसर राहिली तर मात्र तिलाही बुरशी येते.

विकत काय घ्यावेच लागते?

रूळ, चाके आणि मोटर यांत काटकसर करू नये. एचओ गाडीला साधारण १२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह रुळांमधूनच मिळतो. रुळात बारीकसा उंचसखलपणा असला, तरी गाडी घसरते किंवा अडते. घरच्या २३० व्होल्टच्या विजेला थेट जोडलेले काहीही मांडणीवर नको. जुन्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर फलाटावरच्या दिव्यांसाठी चालतो. पण प्रत्येक एलईडीला साधारण एक किलोओहमचा रेझिस्टर लावावा. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या आणि पारा असलेले सीएफएल दिवे भंगारातून उचलूच नयेत. थर्माकोलवर स्प्रे रंग किंवा उग्र वासाचा डिंक लावला तर ते विरघळते. तिथे पांढरा फेव्हिकॉल आणि पाण्याचे रंगच वापरावेत.

पूर्ण मांडणी कशी दिसते, हे पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये खुले झाले. तिथे छोट्या शहरातून धावणाऱ्या गाड्यांचा खेळ प्रकाश आणि आवाजासह दाखवला जातो.

नाशिकची ट्राम पुन्हा दिसेल का?

या छंदाचे एक मोल खेळण्यापलीकडचे आहे. १८८९ मध्ये नाशिकमध्ये ट्राम बांधली गेली. मेन रोडवरच्या जुन्या पालिका इमारतीपासून ती नाशिकरोड स्थानकापर्यंत जात असे. सुरुवातीला चार घोडे दोन डबे ओढत. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ही ट्राम बंद पडली. ती पाहिलेली पिढी आता जवळपास उरलेली नाही. रस्त्यावरही तिची ओळख पटेल असे काही दिसत नाही.

मॉडेलसाठी मात्र ही ट्राम सोयीची आहे. तिचा गेज ७६२ मिलिमीटर होता. ८७ ने भागल्यावर पावणेनऊ मिलिमीटर येतो. बाजारात ‘एन’ नावाने मिळणारा रूळ नऊ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा हे माप जास्त जुळते. या रुळाचे स्लीपर फार दाट असतात, पण रुळांमध्ये मातीचा थर भरला की ते झाकले जातात. डबे पुठ्ठ्याचे, घोडे तांब्याच्या तारेवर शाडू माती लावून करता येतात. त्यांची पाठ पावणेदोन सेंटीमीटर उंच हवी. मार्ग आठ-दहा किलोमीटरचा. प्रमाणातही तो शंभर मीटरच्या आसपास भरतो. म्हणून मेन रोडचे टोक आणि स्थानकाचे आवार एवढेच निवडून करावे.

काम सुरू करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या आठवणी, जुने फोटो आणि वाचनालयातले जुने अंक पाहावेत. जे मोजून केले ते आणि जे अंदाजाने केले ते, दोन्ही फळीच्या खाली वेगवेगळे लिहून ठेवावे. पुढे कुणाला जुने छायाचित्र सापडले, तर पुठ्ठ्याचा डबा बदलायला एक संध्याकाळ पुरेशी असते.