लॉनला पडलंय टक्कल?

रो-हाऊसचा ईएमआय भरताना डोळ्यांसमोर असतं हिरवंगार लॉन. प्रत्यक्षात गेटजवळ टक्कल, कुंपणाशी पिवळे पट्टे आणि आंब्याखाली नुसती माती! माझ्या पुण्यातल्या लॉनमध्ये हे तिन्ही नमुने आहेत. दोन वर्षांची लेक तिथेच धावते, धडपडते. म्हणजे प्रश्न फक्त शो-चा नाही.

फंडा सोपा आहे, बॉस. आधी जागा बघा, मग गवत निवडा.

कडक ऊन आणि सततची ये-जा? मग आपली हरळीच बेस्ट. होय, गणपतीला वाहतो त्याच दूर्वा! हिची खोडं जमिनीवरून आणि जमिनीखालूनही पसरतात, त्यामुळे तुडवली तरी पुन्हा उभी राहते. पाणीकपातीत पिवळी पडते, पावसात परत हिरवी. सावलीशी मात्र तिचं वाकडं.

अर्धं ऊन, अर्धी सावली असेल तिथे नर्सरीतलं ‘कोरियन ग्रास’ घ्या. वाढतं सावकाश, म्हणून कापायची कटकट कमी. पण लॉन भरायला धीर हवा.

आंब्याच्या गर्द सावलीत मी गवताचा हट्टच सोडला आणि मोंडो ग्रास लावलं. ते नावापुरतंच गवत, पण सावलीत मजेत राहतं. त्याला तुडवणं सोसत नाही, म्हणून मधून फरशा टाकल्या.

लागवडीला जून-जुलै उत्तम. माती भुसभुशीत करा, शेणखत मिसळा, चार-चार इंचांवर ठोंब लावा. पुढे कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको.

मग काय, या पावसाळ्यातला एक शनिवार लॉनच्या नावे?