नवेगावबांध : जिप्सीच्या वाटेपलीकडे

नवेगावला आलेले बहुतेक जण वाघ दिसला की परततात. माझं मात्र मन तलावावर जडलंय. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. लोक त्यांना आजही कोलासूर म्हणून पुजतात. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे 'सात बहिणी'. पाणी अडवण्यात कोहळी समाजाचा हातखंडा, आणि इथं ते पटतंच! मारुती चितमपल्लींनी इथल्या वास्तव्यावर 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिलंय.

इथलं राष्ट्रीय उद्यान 1975 चं, व्याघ्र प्रकल्प 2013 चा, तलाव त्याआधीचा.

जवळच गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, इटियाडोह धरणही. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन या, पहाटे बांधावर थांबा आणि स्थलांतरित बदकं निवांत बघा.