अपात्रतेचा कागद आणि आपला हक्क

पोलीस भरतीसाठी आपल्या वस्त्यांतून जी मुलेमुली उतरतात, त्यांच्या देहाचे मोजमाप दोनदा होते. पहिले मोजमाप उघड असते. महाराष्ट्रात पोलीस शिपायासाठी पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटर, स्त्रीची १५५. पुरुषाची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर अधिक, हे नियमांत लिहिलेले आहे. दुसरे मोजमाप सरकारी रुग्णालयाच्या बंद खोलीत होते. मैदानी चाचणी झाली, लेखी परीक्षा झाली, निवडयादीत नाव लागले, गावात पेढे वाटून झाले, आणि मग एक कागद येतो : ‘वैद्यकीयदृष्ट्या अपात्र’. अशा मुलांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी करीत आलो आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपली मुले या कागदाला ललाटलेख समजतात. साहेबाशी ती भांडतील, पण डॉक्टरपुढे गप्प होतात. हा समज मोडला पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे.

‘अपात्र’ हा शब्द आपल्याला नवा नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा लढवय्या आणि बिनलढवय्या जमातींचे ‘शास्त्र’ पुढे केले गेले. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या फौजेत रक्त सांडले, त्यांचीच कूस बिनलढवय्यी ठरली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी दक्षिणेतील महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्यात लष्कराबरोबर पोलिसांतील शिपाईगिरीही मागितली होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी लष्कर, आरमार आणि पोलीस यांत अस्पृश्यांना मुक्त प्रवेशाचा हक्क मागितला. पोलिसाची वर्दी ही आपल्यासाठी केवळ पोटाची सोय कधीच नव्हती. ज्या सत्तेचा दंडुका पिढ्यान् पिढ्या आपल्या पाठीवर बसला, त्या सत्तेत वाटा मागण्याचा तो प्रश्न होता. म्हणून त्या दारावर कोण, कोणत्या मापाने माणसे मोजतो, हे आपण विचारलेच पाहिजे.

पोलिसाला धडधाकट शरीर लागते, याविषयी वाद नाही. न्यायालयेही डॉक्टरच्या मतावर सहसा स्वतःचे मत लादीत नाहीत. परंतु राज्यघटनेचे कलम १४ समानतेची आणि कलम १६ सरकारी नोकरीतील समान संधीची हमी देते, आणि ही हमी रुग्णालयाच्या दारात संपत नाही. तेव्हा न्यायालयापुढे तीन प्रश्न मांडता येतात. हे व्यंग अपात्रता ठरते असे कोणत्या नियमात लिहिले आहे? त्या व्यंगाचा प्रत्यक्ष कामाशी संबंध काय? आणि उमेदवाराला कारण सांगून फेरतपासणीची संधी दिली का?

यांतला दुसरा प्रश्न सर्वांत धारदार आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्हीची बाधा आढळल्यामुळे एका सार्वजनिक उपक्रमाने त्याला काम नाकारले होते. माणूस नेहमीचे काम करू शकत असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ बाधा आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. ते प्रकरण पोलिसांचे नव्हते, पण त्यातून मिळालेली कसोटी सगळ्या सरकारी नोकऱ्यांना लावता येते : रोगाचे नाव पाहू नका, काम करण्याची ताकद पाहा. पुढे २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने अशा भेदभावास स्पष्ट मनाई केली.

आता खुद्द पोलीस खात्यातली दोन प्रकरणे शेजारी ठेवतो.

पहिले तामिळनाडूतले. स्त्री म्हणून वाढलेली, स्त्री म्हणून निवडलेली एक पोलीस शिपाई. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ती स्त्री नसल्याचा निष्कर्ष काढला आणि खात्याने तिला कामावरून कमी केले. १७ एप्रिल २०१४ रोजी मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. नागमुत्तु यांनी तो आदेश रद्द केला. दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला होता. कायद्याच्या दृष्टीने ही स्त्री आहे आणि डॉक्टरांचा शेरा तिच्यावर लादता येत नाही, असा मद्रासच्या निकालाचा गाभा होता.

दुसरे आपल्याच नाशिकचे. २०१८ च्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत एका तरुणीने अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून अर्ज केला. लेखी आणि शारीरिक दोन्ही परीक्षा ती उत्तीर्ण झाली. मग वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय नसल्याचे दिसले, गुणसूत्रांची तपासणी झाली, आणि स्त्रियांच्या जागेवरची तिची निवड अडली. जन्मापासून ती स्त्री म्हणून जगली, शिकली, वावरली; आपल्या देहाचे हे गुपित तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सरकारने सहानुभूतीची भूमिका घेतली आणि शिपाईपदाऐवजी पोलीस खात्यातील बिगर-शिपाई पदावर तिला घेण्याची तयारी दाखवली. न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

मुलीला नोकरीचा मार्ग मोकळा झाला, याचा आनंद आहेच. परंतु मला येथे एक प्रश्न छळतो. चोर पकडायला, बंदोबस्ताला उभे राहायला, फिर्याद लिहून घ्यायला गर्भाशय कशाला लागते? हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारला असता, तर तिला शिपाईपदच मिळाले असते. मद्रासमध्ये हक्क मान्य झाला. नाशिकच्या मुलीला सहानुभूती मिळाली. हक्काने मिळालेली जागा पुढच्या मुलीलाही वाट करून देते. दयेने मिळालेली जागा एकटीपुरती असते. पुढच्या मुलीला पुन्हा उंबऱ्यावर हात जोडून उभे राहावे लागते. आपल्या समाजाला दयेची चव पुरेपूर ठाऊक आहे. आरक्षणाने आपण दारापर्यंत पोहोचतो. दाराच्या आतल्या खोलीत दया नको, लेखी नियम हवा.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी म्हणून काही गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवाव्यात. अपात्रतेचे कारण लेखी मागावे आणि वैद्यकीय अहवालाची प्रत घ्यावी. न दिल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. फेरतपासणीची मागणी लगेच आणि लेखी करावी, पोच घ्यावी. दुसऱ्या सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञाचे मत जवळ असावे. दाद मागण्याची पहिली पायरी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण ही आहे. त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. १९८५ च्या कायद्याप्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत तेथे जावे लागते. पण वर्षभर थांबू नये, कारण तोवर जागा भरून जातात. अर्जासोबतच एक जागा रिकामी ठेवण्याचा अंतरिम आदेश मागावा. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही, तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध केले आहे.

देह अपुरा आहे असे सांगून आपल्याला पूर्वीही परत पाठवले गेले. त्या वेळी शिवराम जानबांनी अर्ज लिहिला. आज आपल्या हाती त्या अर्जापेक्षा बळकट असे राज्यघटनेचे कलम आहे. तेव्हा रुग्णालयातून कागद आला की मुलाने घरी तोंड लपवून बसू नये. त्याने तो कागद घेऊन आपल्याकडे यावे, आणि आपण सर्वांनी मिळून एवढेच विचारावे : नियम दाखवा, कारण दाखवा.