गाडी सुरू होईना, तेव्हा…

मोटारगाडी ही आता असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांच्या नित्य वापरातील वस्तू झाली आहे. मात्र तिच्या बॉनेटखाली काय चालते, याविषयी बहुतेक मालक अनभिज्ञच असतात. ऐन निघण्याच्या वेळी किल्ली फिरवावी आणि इंजिनाने दाद देऊ नये, असा प्रसंग ओढवला की साहजिकच किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली जाते. नेमकी हीच कृती अनेकदा किरकोळ बिघाडाचे रूपांतर मोठ्या खर्चात करते. म्हणून दुसऱ्यांदा किल्ली फिरवण्यापूर्वी क्षणभर थांबून गाडी काय सांगते आहे, हे ऐकणे हिताचे ठरते.

पेट्रोल वा डिझेलचे इंजिन आपणहून सुरू होऊ शकत नाही. ते बाहेरून कोणीतरी फिरवून द्यावे लागते. पूर्वी हे काम हाताने लोखंडी हँडल फिरवून केले जाई. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत बसवण्यात आला आणि ही कष्टाची व धोक्याची रीत हळूहळू मागे पडली. गॅरेजमध्ये ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात, तो हाच. इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : ते फिरवणारी शक्ती, योग्य प्रमाणात हवा व इंधन आणि ते पेटवणारी ठिणगी. डिझेल इंजिनात ठिणगीऐवजी दाबलेल्या हवेची उष्णता हे काम करते. यांपैकी काय उणे आहे, याचा अंदाज बहुधा आवाजावरूनच येतो.

आवाज नाही किंवा नुसती ‘टिक् टिक्’

किल्ली फिरवताच ‘टिक् टिक्’ असा आवाज यावा, डॅशबोर्डवरील दिवे मंद व्हावेत किंवा इंजिन रेंगाळत फिरावे, तर प्रथम संशय बॅटरीवर घ्यावा. स्टार्टरला काही क्षणांसाठी शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. दिवे वा हॉर्न चालवण्याइतकी वीज बॅटरीत असली, तरी स्टार्टरला ती अपुरी पडू शकते. पूर्ण भारित बॅटरी गाडी उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२ च्या आसपास आला असेल, तर ती जवळजवळ रिती झाली असे समजावे.

मात्र लगेच नवी बॅटरी विकत घेण्याची घाई करू नये. टर्मिनलवर पांढरट किंवा हिरवट थर साचल्याने अथवा जोडणी सैल झाल्यानेही हीच लक्षणे दिसतात. इंजिन व सर्व दिवे बंद ठेवून आधी ऋण आणि मग धन बाजूची वायर सोडवावी. टर्मिनल स्वच्छ व कोरडे करून आधी धन व शेवटी ऋण बाजू घट्ट बसवावी. बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकते. उन्हाळ्याच्या उष्णतेने तिची शक्ती घटते आणि हिवाळ्यातील पहिल्या गारठ्यात ते उघडकीस येते.

दिवे प्रखर असूनही स्टार्टर गप्प असल्यास इतर शक्यता तपासाव्यात. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर नसेल, तर स्टार्टर फिरत नाही, अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबावा लागतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत किल्लीतील छोटा सेल संपलेला असू शकतो. अशा बहुतेक गाड्यांत किल्ली ठरावीक जागी टेकवून बटण दाबल्यास काम भागते. ती जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. विजेवरील मोटारींतही बहुधा १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि ती उतरल्यास मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

स्टार्टर जोमाने फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊन उपयोग नाही. अशा वेळी इंधन व ठिणगी यांचा विचार करावा. टाकीत पुरेसे इंधन आहे ना, हे आधी पाहावे. आधुनिक पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागील बाजूने दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू येते. ती येत नसेल, तर पंपाचा फ्यूज वा रिले तपासून घ्यावा. डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहिल्यास गाडीने किल्ली ओळखलेली नसते. तेव्हा दुसरी किल्ली वापरून पाहावी.

पंपावर चुकून डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेल्यास किल्ली ‘ऑन’सुद्धा करू नये. टाकी रिकामी करून घेणे, हाच स्वस्त उपाय होय. डिझेल गाडीत थंडीच्या दिवसांत स्प्रिंगसारख्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबूनच स्टार्टर फिरवावा. लडाखसारख्या अतिशीत प्रदेशात तर साध्या डिझेलमधील मेण गोठून इंधनमार्ग तुंबतो. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तेथे उपलब्ध केले.

कारण कोणतेही असो, स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे. अन्यथा बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो आणि एकाच्या जागी दोन दुरुस्त्या उभ्या राहतात.

दुसऱ्या गाडीची मदत घेताना

बॅटरी उतरली असल्यास जंपर केबलने दुसऱ्या गाडीची मदत घेता येते. मात्र क्रम चुकवू नये. दोन्ही गाड्या बंद ठेवून लाल केबल आधी उतरलेल्या आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला जोडावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जवळ ठिणगी पडल्यास स्फोटाचा धोका असतो. गाडी सुरू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढाव्यात.

जेव्हा किल्लीला हातच लावू नये

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला. अशा वेळी पाण्यात उभी राहिलेली वा बंद पडलेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन फिरवल्यास पिस्टन त्यावर अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकणारे इंजिन निकामी होते. शक्य असल्यास बॅटरीची ऋण वायर काढावी, छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीस कळवावे आणि गाडी टोचन लावून न ओढता उचलून गॅरेजमध्ये न्यावी.

येथे विम्याचा प्रश्नही निगडित आहे. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास स्वतःच्या गाडीच्या हानीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमापत्रात पुराने झालेली हानी समाविष्ट असते; परंतु परिणामी हानी तसेच यांत्रिक व विद्युत बिघाड वगळलेले असतात. आवश्यक दुरुस्तीपूर्वी गाडी चालवल्याने वाढलेले नुकसान विमाधारकाच्या माथी येते. पाणी शिरल्यावर किल्ली फिरवून मोडलेल्या इंजिनाचा दावा यामुळेच अडचणीत येतो. इंजिन संरक्षणाचे स्वतंत्र पूरक कवच मिळते; त्याच्या अटी पावसाळ्यापूर्वीच वाचून घ्याव्यात.

गाडी कर्जाऊ असेल, तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली तरी हप्ता थांबत नाही. विमापत्र व गाडी बिघडल्यास बोलावण्याच्या सेवेचा क्रमांक गाडीत आणि घरीही ठेवावा. आवाज ऐकून अंदाज बांधावा, दोन प्रयत्नांत यश न आल्यास मेकॅनिकला पाचारण करावे आणि त्याला लक्षणे नेमकी सांगावीत. ‘गाडी सुरू होत नाही’ यापेक्षा ‘इंजिन फिरते, पण पेट घेत नाही’ एवढे सांगितले, तरी त्याचा वेळ आणि मालकाचा पैसा, दोन्ही वाचतात.